घरच्या अंगणात चौदा फुटी फायबरची मोटरबोट: साचा करावा की प्लायवर फायबर चढवावे?

बाळकूमकर

नमस्कार. ठाण्यात बाळकूमला आमचे जुने बैठे घर असून त्यामागे पंचवीस फूट लांब आणि चौदा फूट रुंद, पत्र्याची शेड घातलेले अंगण आहे. यंत्रशाळेत तीस वर्षे काम करून मी नुकताच निवृत्त झालो. लेथ, वेल्डिंग आणि थोडेफार सुतारकाम हाताखालचे आहे; फायबरला मात्र यापूर्वी कधी हात लावलेला नव्हता. लहानपणी वडिलांबरोबर खाडीत वल्ह्याच्या होडीतून फिरलो होतो, तसे नातवंडांना नेता यावे म्हणून चौदा फूट लांबीची आणि मागे दहा अश्वशक्तीचे आउटबोर्ड इंजिन बसेल अशी बोट स्वतः बांधण्याचे मी मनावर घेतले आहे.

आधी लाकूड आणि पुट्टीचा हुबेहूब आकार तयार करायचा, त्यावरून फायबरचा साचा काढायचा आणि साच्यात पॉलिएस्टर रेझिनने बोटीचे अंग घडवायचे, असा माझा बेत आहे. सरावासाठी ऑगस्टमध्ये मॅटचे (काचेच्या सुट्या धाग्यांच्या चटईचे) दोन थर आणि मध्ये रोव्हिंग (काचेच्या जाड धाग्यांचे विणलेले कापड) घालून फूटभर चौरसाचा एक नमुना केला. आठ दिवस उलटले तरी त्याची वरची बाजू बोटाला चिकटते. रेझिन कडक करणारा हार्डनर कमी पडला असेल, की पावसाळी हवेने रेझिन बिघडले असेल? आणि एकाच बोटीसाठी साच्याचा खटाटोप करावा का, हे जाणकारांनी कृपया सांगावे. सामान घेण्याआधी निर्णय पक्का करायचा आहे.

तुर्भे_साचेकार

तुर्भ्याच्या औद्योगिक वसाहतीत फायबरच्या कामात माझी बावीस वर्षे गेली, त्यामुळे आपला प्रश्न वाचून लिहिल्यावाचून राहवले नाही.

आधी नमुन्याचे पाहू. अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेल्या फडक्याने तो पुसून घ्या. चिकटपणा निघून गेला आणि खाली नख रुतत नसेल, तर रेझिन व्यवस्थित सेट झालेले आहे. थर चढवण्यासाठी जे पॉलिएस्टर रेझिन मिळते त्याचा हवेला उघडा राहिलेला भाग प्राणवायूमुळे पूर्ण कडक होत नाही, आणि पुढचा थर त्याला घट्ट धरतो तो याच ओलसर चिकटपणामुळे. शेवटच्या थरात मेण मिसळलेले रेझिन वापरतात. ते मेण वर येऊन हवा अडवते आणि पृष्ठभाग कोरडा होतो. पुसूनही नख रुतले, तर मात्र हार्डनर एक टक्क्याच्या खाली गेला असावा किंवा मॅट ओलावली असावी. पावसाळ्यात फरशीवर ठेवलेली मॅट दमट होते आणि थरात दुधाळ डाग दिसू लागतात. हार्डनर अंदाजाने ओतू नये. रेझिन काट्यावर तोलावे आणि वजनाच्या एक ते दोन टक्के हार्डनर हवामान पाहून घ्यावा.

आता साच्याविषयी. एका बोटीसाठी साचा करायचा म्हणजे प्रत्यक्षात तीन बोटी बांधायच्या, आणि त्यातील पहिल्या दोन पाण्यात कधीच जाणार नाहीत. मूळ आकार आरशासारखा घासावा लागतो, कारण त्यावरचा प्रत्येक ओरखडा साच्यात आणि साच्यातून बोटीवर उतरतो. शिवाय साच्याचे फायबर बोटीच्या अंगाहून जाड आणि मागून पट्ट्यांनी बांधलेले असावे लागते, नाहीतर तो पिळवटतो आणि बोट वाकडी निघते. एकाच साच्यातून दहा-वीस बोटी काढणाऱ्या कारखान्याला हा खर्च भरून निघतो. आपल्याला तो कधीच निघणार नाही.

त्याऐवजी प्लायचे तुकडे कापून, कडेला भोके पाडून ते तांब्याच्या तारेने एकमेकांना शिवावेत, आतून सांध्यात इपॉक्सी या दुसऱ्या प्रकारच्या रेझिनची पुट्टी भरून त्यावर काचेच्या कापडाची पट्टी बसवावी आणि तारा काढून बाहेरून पूर्ण अंगावर काचेचे कापड चढवावे, असे मी मनापासून सुचवतो. १९६३ साली ब्रिटनमध्ये जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांनी पुढे आणलेली ‘मिरर’ ही लहान शिडाची होडी याच शिवण्याच्या पद्धतीमुळे सामान्य लोकांना आपल्या घरी बांधता आली. आपल्याला सुतारकाम येते, ही यातील मोठी जमेची बाजू आहे. प्लाय आयएस ७१० (मरीन प्लायचे भारतीय मानक) शिक्क्याचाच घ्यावा. बाजूंना सहा आणि तळाला नऊ मिलिमीटर पुरेल. आठ फुटी तक्ते चौदा फुटांपर्यंत जोडताना कडा जाडीच्या आठपट लांबीत तिरप्या तासून चिकटवाव्यात.

या पद्धतीत पॉलिएस्टर वापरू नये, कारण लाकडावर त्याची पकड कच्ची असते आणि ओल शिरली की काही वर्षांत फायबर सालीसारखे सुटते. इपॉक्सीचे हार्डनर मात्र मनाप्रमाणे कमी-जास्त करता येत नाही. उत्पादकाने दिलेले प्रमाण तंतोतंत पाळावे लागते, आणि पॉलिएस्टरची सवय असलेले चांगले कारागीर नेमके इथेच चुकतात. दुसरे म्हणजे नेहमीची मॅट इपॉक्सीत घालू नये. तिचे धागे धरून ठेवणारा चिकट पदार्थ पॉलिएस्टरमधील स्टायरीनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत विरघळत नाही, म्हणून मॅट नीट भिजत नाही. विणलेले कापड घ्यावे.

काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात करावे. उन्हाळ्यात पत्र्याखाली डब्यातले रेझिन पाहता पाहता गरम होऊन घट्ट होते, म्हणून एका वेळी थोडेच कालवून ते पसरट ट्रेमध्ये ओतावे. खोल डब्यात उष्णता साठते.

शेवटी एक गोष्ट, जी मी सर्वांत कळकळीने सांगतो. नमुन्यासाठी आणलेले कोबाल्टचे एक्सिलरेटर (रेझिन सेट होण्याचा वेग वाढवणारे द्रव्य) आणि एमईकेपी हार्डनर आपल्या घरी असेल. ही दोन द्रव्ये कधीही थेट एकत्र करू नयेत. त्यांचा भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळावे आणि मगच हार्डनर घालावा. हार्डनर डोळ्यात गेल्यास दृष्टी जाऊ शकते, म्हणून चष्मा हवाच, आणि एखादा थेंब उडालाच तर किमान पंधरा मिनिटे पाण्याने डोळा धुऊन लगेच डॉक्टरांकडे जावे. घासताना आणि रेझिन लावताना साधा कापडी मास्क उपयोगाचा नाही. सेंद्रिय वाफांचे कार्ट्रिज आणि धूळ अडवणारा फिल्टर असलेला रेस्पिरेटर घ्यावा. नातवंडांना त्या दिवसांत शेडमध्ये येऊ देऊ नये.

दिवाळेकर

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. मी बेलापूरजवळच्या दिवाळे गावचा असून आमच्या घरात तीन पिढ्या बोटी आहेत, म्हणून पाण्याच्या बाजूने थोडे लिहितो.

खाडीत उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीचा फरक चार मीटरच्या पुढे जातो आणि ओहोटीला बोट तासन् तास गाळावर बसून राहते. त्यामुळे नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाला, धार असली तरी मागचा तळ जवळजवळ सपाट ठेवावा, म्हणजे ती सरळ बसेल आणि कलंडणार नाही. तळाखाली मध्यभागी कठीण लाकडाची घासपट्टी द्यावी, कारण शिंपले आणि दगडगोटे फायबर खरवडून काढतात.

इंजिन लटकते त्या मागच्या फळीकडे, म्हणजे ट्रान्समकडे, सर्वाधिक लक्ष द्यावे. नऊ-दहा अश्वशक्तीच्या इंजिनाचे वजन चाळीस किलोच्या आसपास असते आणि ते जोर लावते तेव्हा सगळा पीळ त्या फळीवर येतो. अठरा मिलिमीटरचे दोन तक्ते एकमेकांना चिकटवून ती करावी आणि कोपऱ्यांत गुडघ्यासारखे आधार देऊन तळाला व बाजूंना बांधावी. इंजिन आधी ठरवून मगच उंची कापावी. आखूड दांड्याला पंधरा इंच आणि लांब दांड्याला वीस इंच लागतात. बोल्टची भोके मापापेक्षा मोठी पाडून इपॉक्सीने भरावीत आणि त्यात पुन्हा मापाचे भोक पाडावे. आमच्या एका बोटीत हे केले नव्हते. बाहेरून फायबर शाबूत दिसत असताना आतला प्लाय भुसभुशीत झाला होता, आणि ते आम्हाला भर पाण्यात इंजिन हलू लागल्यावर कळले.

गढूळ पाण्यामुळे इंजिनाचा थंड पाण्याचा मार्ग तुंबतो, तेव्हा प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने ते धुऊन काढावे. कागदपत्रांचेही आधीच पाहावे. यांत्रिक बोटीला अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ नुसार नोंदणी लागते. महाराष्ट्र सागरी मंडळाच्या कार्यालयात प्लाय कापण्याआधीच नकाशा घेऊन जावे, म्हणजे पुढे बदल करण्याची वेळ येणार नाही. ऐरोली आणि वाशी पुलांदरम्यानचा पश्चिम किनारा २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे. तेथे वन विभागाच्या परवानगीवाचून बोट नेऊ नये.

बाळकूमकर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. नमुना अ‍ॅसिटोनने पुसला, चिकटपणा गेला आणि नख रुतले नाही. साच्याचा विचार सोडला आहे. आता एकच शंका उरली आहे. बोट उलटली तरी तरंगत राहावी म्हणून बसण्याच्या खोक्यांत थर्मोकोल भरावा का?

तुर्भे_साचेकार

थर्मोकोलला पॉलिएस्टर रेझिन लागले तर तो विरघळून जातो. इपॉक्सीने तसे होत नाही. तरीही सांडलेले पेट्रोल त्याला खाते, म्हणून बंद पेशींचा पॉलियुरेथेन फोम भरणे अधिक बरे. एक लिटर फोम पाण्याखाली जवळजवळ एक किलो वजन उचलतो. इंजिन, टाकी, बॅटरी आणि माणसांना धरून राहण्यापुरता आधार असा हिशेब करता दोनशे लिटरच्या खाली जाऊ नये. त्यातील मोठा भाग बाजूंच्या वरच्या कडांखाली ठेवावा. सगळा फोम तळाशी भरला, तर पाणी भरल्यावर बोट पालथी होते आणि तशीच राहते. आणि प्लाय कापण्याआधी अंगणाच्या फाटकाची रुंदी मोजून घ्या. चौदा फुटी बोट साधारण साडेपाच फूट रुंद होईल.