मदत हवी आहे: संमतीपत्रात मुलीच्या सुट्ट्या कशा लिहाव्यात?

नमस्कार. दोन वर्षं आम्ही वेगळे राहतोय. भांडण्यासारखं आता काही उरलेलं नाही, म्हणून हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13-ब खाली पुण्यात परस्पर संमतीने घटस्फोटाचा अर्ज करणार आहोत. सहा महिने थांबण्याची अट 2017 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळे काही परिस्थितीत माफ होऊ शकते, हे वकीलबाईंनी सांगितलंय. तो प्रश्न नाही.

प्रश्न सात वर्षांच्या लेकीचा आहे. ताबा माझ्याकडे, एक आड एक शनिवार-रविवार बाबाकडे, इथवर एकमत. पण सुट्ट्यांबद्दल मसुद्यात नुसतं 'निम्म्या-निम्म्या' लिहिलंय. गणपतीला ती बाबाबरोबर कोकणात जाते, ते जाऊ दे. दिवाळीचं काय? मागच्या रविवारी दप्तर माझ्याकडे आलं आणि गणिताची वही तिकडेच राहिली, त्यावरून रात्री साडेदहाला फोनाफोनी. आता हसू येतं, तेव्हा नाही आलं.

ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा: सण, आणणं-सोडणं, शाळेची फी, पासपोर्टसाठी दोघांच्या सह्या, हे किती बारकाईने लिहिलंत? नंतर बदल करायला पुन्हा कोर्टात जावं लागलं का?

पोटगीवर सल्ले नकोत प्लीज, ते ठरलंय.