‘चालू होत नाही’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न: जुना लॅपटॉप दुरुस्तीला नेला आणि ‘चालू होत नाही’ एवढंच सांगितलं. दुकानदाराने विचारलं, ‘डेड आहे की नो डिस्प्ले?’ यात फरक काय? आणि चालू होणं, सुरू होणं, बूट होणं हे एकच ना?

उत्तर: एकच नाही. ‘डेड’ म्हणजे चार्जर लावूनही दिवा लागत नाही, पंखा फिरत नाही. संशय चार्जर, चार्जिंगची पिन किंवा मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डवर. ‘नो डिस्प्ले’ म्हणजे दिवा लागतो, पंख्याचा आवाज येतो, पण स्क्रीन काळी. अशा वेळी कॅप्स लॉक दाबून बघा. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर मशीन बहुधा आतून चाललंय, बाहेरचा मॉनिटर जोडून खात्री करा. तो दिवा ढिम्म असेल तर आधी रॅम, म्हणजे तात्पुरत्या मेमरीची पट्टी, तपासा. चार्जर आणि बॅटरी काढून रॅम बाहेर घ्यायची, तिचे सोनेरी पट्टे खोडरबरने हलके पुसायचे, परत घट्ट बसवायची. जुन्या मशीनमध्ये एवढ्याने पुष्कळदा काम होतं.

कंपनीचा लोगो दिसून पुढे ‘नो बूटेबल डिव्हाइस’ आलं, तरच ‘बूट होत नाही’ म्हणावं. हार्डडिस्क सापडत नाही, किंवा बायोसमधला, म्हणजे चालू होताच आधी जागा होणाऱ्या चिपमधल्या प्रोग्राममधला, बूटचा क्रम बदललाय. सोबत तारीखही मागे गेली असेल तर मदरबोर्डवरचा ३ व्होल्टचा सेल संपलाय, बदलून घ्या.

दुसरं उत्तर: ‘बूट’ हा ‘बूटस्ट्रॅप’चा संक्षेप. बुटाच्या पट्टीला धरून स्वतःच स्वतःला उचलायचं, अशी मूळ कल्पना. चिपमधला छोटा प्रोग्राम जागा होतो आणि मोठ्याला, म्हणजे विंडोज किंवा लिनक्सला, मेमरीत आणतो. मराठीत ‘चालू’ ही स्थितीही आहे: पंखा चालू आहे, दिवा चालू आहे. म्हणून काळ्या स्क्रीनचा लॅपटॉप चालू असतो, पण काम सुरू झालेलं नसतं. हा भेद आपल्या भाषेत आधीपासून आहे, तो वापरायला हवा.

पुन्हा प्रश्न: माझा लोगोपर्यंत जातो आणि बंद होतो.

उत्तर: मग ‘बंद पडतो’ म्हणा. बंद आपण करतो, पडतो तो आपोआप. खालची बाजू तापते का? तापत असेल तर पंख्यातली धूळ काढून प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट (उष्णता वाहून नेणारा लेप) बदलायला सांगा. गार असतानाच पडत असेल तर बॅटरी काढून नुसत्या चार्जरवर लावून पाहा.