भूमिका-खेळांची पुस्तकं वाचनालयात हवीत की नकोत?

फासेवाली: वाचनालयाच्या खरेदी यादीसाठी मी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ची तीन मुख्य पुस्तकं सुचवली. उत्तर आलं, "आम्ही खेळ ठेवत नाही." मला हे पटत नाही. या खेळाला पट लागत नाही, सोंगट्या नसल्या तरी अडत नाही. एकजण गोष्ट पुढे नेतो, बाकीचे एकेक पात्र होतात आणि ठरवलेलं जमलं की नाही ते फासा सांगतो. बाकी सगळा खेळ पुस्तकातच असतो. 1974 साली तो पहिल्यांदा आला तेव्हा खोक्यात तीन पुस्तिकाच होत्या. वाचनालयात पुस्तकं विषयवार लावायच्या ड्यूई वर्गीकरणात या खेळांना 793.93 हा क्रमांकही आहे. मग अडतंय कुठे?

देवघेव खिडकी: अडतंय देवघेवीत. मी तेच काम करतो. कादंबरी पंधरा दिवसांत परत येते. नियमपुस्तक घेणाऱ्यांची मोहीम, म्हणजे बैठकीमागून बैठक पुढे जाणारी एकच गोष्ट, वर्षभर चालते, मुदतवाढीमागून मुदतवाढ. पाचजणांच्या एका गटासाठी पुस्तक अडकून पडतं. त्यात 2014ची पाचवी आवृत्ती, 2024ला तिचीच सुधारित पुस्तकं. जुनी काढून टाकायची का? शिवाय पाचव्या आवृत्तीच्या नियमांचा मोठा भाग प्रकाशकांनीच 2023 मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोकळा केला. फुकट मिळतं त्यावर खरेदीचा पैसा का घालायचा?

फासेवाली: तो मोकळा भाग नवख्याने वाचून बघावा. त्यात पात्राच्या प्रत्येक वर्गाचा, म्हणजे योद्धा, जादूगार अशा पेशाचा, एकच उपवर्ग आहे, पात्राची पार्श्वभूमीही एकच. ज्याला खेळ येतो त्याला तो पुरतो. ज्याने कधी फासा टाकला नाही, त्याला हाताला धरून नेणारं पुस्तक लागतं, आणि वाचनालयात येतो तो हाच माणूस. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी 1931 मध्ये लिहिलं, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. त्यातून हा वाचक का वगळायचा? जुन्या आवृत्तीचं म्हणाल, तर ती घेऊन खेळणारे गट आजही आहेत. झिजेपर्यंत राहू द्या.

तिसरी घंटा: मी खेळ चालवते आणि वाचनालयाच्या बाजूची आहे, पण एक अडचण कुणी बोललंच नाही. नियमपुस्तक सगळ्यांनी वाचावं, साहसकथेचं पुस्तक मात्र खेळवणाऱ्यानेच. त्यात कुठल्या दाराआड काय आहे ते छापलेलं असतं. माझ्याच गटातल्या एकाने ते घरी नेलं आणि तीन महिन्यांची तयारी वाया गेली. म्हणून आधी नियमपुस्तकं घ्या, साहसकथा नंतर.

देवघेव खिडकी: आणि फासे? चार, सहा, आठ, दहा, बारा, वीस पैलूंचे. प्रत्येक परतीला मोजत बसू?

फासेवाली: फासे देऊच नका, ते आम्ही आणतो. मुदतवाढीबद्दलचं तुमचं म्हणणं मात्र खरं आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. एक प्रत तिथेच बसून वाचायला ठेवा, दुसरी घरी न्यायला, आणि तिला मुदतवाढ एकदाच. चालेल?

देवघेव खिडकी: दोन प्रतींचा खर्च मंजूर होणार नाही. एक प्रत, तिथेच वाचायची, एवढं मी पुढच्या यादीत टाकतो. घरी नेण्याला माझा विरोध कायम आहे.