गेटिसबर्ग: ७२व्या पेनसिल्व्हेनियाचा पुतळा भिंतीपाशी हवा होता का?

रानवारा: अमेरिकन यादवी युद्धातल्या गेटिसबर्गच्या रणांगणावर दगडी भिंतीजवळ एक ब्राँझचा सैनिक आहे, बंदूक उलटी धरून दस्त्यानं हाणायच्या पवित्र्यात. अमेरिकेच्या २०११ च्या पाव डॉलरवर तोच आहे. हे उत्तरेकडून लढलेल्या ७२व्या पेनसिल्व्हेनिया स्वयंसेवक पायदळाचं स्मारक; भरती मुख्यतः फिलाडेल्फियाच्या अग्निशामक दलांतली. माझ्या मते जागा चूक. ३ जुलै १८६३ ला दक्षिणेच्या जनरल पिकेटचा हल्ला भिंतीवर आदळला तेव्हा ही रेजिमेंट मागे राखीव होती. तिच्या ब्रिगेडचा प्रमुख जनरल वेबनं पुढे व्हायचा हुकूम दिला, निशाणाला हात घातला, तरी रांग हलेना. रणांगण सांभाळणाऱ्या स्मारक संस्थेचा नियम होता: लढाईच्या रांगेत जिथं जागा, तिथं स्मारक. म्हाताऱ्या सैनिकांनी कोर्टात जाऊन १८९१ मध्ये भिंतीपाशी जागा मिळवली. इतिहास असा ठरतो?

गडवाट: अर्धीच गोष्ट सांगितलीत. हलली नाही, पण पळालीही नाही. उभ्या जागी गोळीबार चालूच होता आणि शेवटी भिंतीपर्यंत गेलीच. मेलेले, जखमी, बेपत्ता मिळून सुमारे १९०. शिवाय वेबला ब्रिगेड हाती घेऊन आठवडाही झाला नव्हता. अनोळखी साहेबानं निशाण ओढलं तर कोण धावेल?

रानवारा: मान्य, पण "शेवटी गेली" आणि "तिथं लढत राहिली" यात फरक आहे. शेजारची ६९वी, आयरिश लोकांची, ती भिंत सोडून हटलीच नाही. तिचा कर्नल ओकेन त्या जखमेनं गेला. नाण्यावर मात्र हे.

गडवाट: ६९वीचं स्मारकही भिंतीपाशीच आहे की! कुणाची जागा हिसकावली? आणि स्मारकासाठी जमीन खणायला गेलेल्या ७२वीच्या माणसाला अतिक्रमण म्हणून अटक झाली. मग कोर्टाशिवाय काय करायचं होतं?

चहाबाज: जून २०१३ च्या वादळात हा पुतळा चौथऱ्यावरून कोसळला होता, दीडशेव्या वर्षाच्या कार्यक्रमाच्या तोंडावर. रानवारा, तुमचं अपील वरच्या कोर्टात गेलं होतं बहुतेक :)

रानवारा: हा हा. पण परत बसवला तो तिथंच. गडवाट, वाचलेल्यांच्या शब्दावर जागा द्यायची, तर वेबही वाचलेलाच होता. त्याचा शब्द का नाही धरायचा?

गडवाट: कारण त्याच लढाईसाठी त्याला पुढे मेडल ऑफ ऑनर हे अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. त्याची बाजू सांगायला पदक होतं, यांच्याकडे फक्त ती जागा.