टाकीवर क्लिअर मारलाय, वॉटर पेपर कधी आणि कुठला?

जुनाट_आरएक्स
मंडळी, बाबांची ९१ सालची आरएक्स १०० बाईक बाहेर काढलीय, पेट्रोलची टाकी घरीच रंगवली. काळा बेस (रंगाचा थर), वर टू-के क्लिअरचे (हार्डनर मिसळून मारायचा पारदर्शक थर) तीन कोट, गच्चीवर चादरी बांधून मारले. लांबून मस्त दिसतेय पण जवळून बघितलं तर संत्र्याच्या सालीसारखं, धुळीचे कण आहेत आणि झाकणाशेजारी एक चिलट पंखांसकट चिकटलंय 😅 क्लिअर काल दुपारी मारला. घरात ८०० चा वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा पेपर) आहे, त्याने घासून ग्राइंडरला बफ (चमक आणायचं पॅड) लावू का? की महिनाभर थांबू?

भंगारातून_सोनं
अरे थांब, ग्राइंडर आधी माळ्यावर ठेव. तो मिनिटाला ११००० फिरतो, क्लिअर जाळून टाकेल. स्पीड कमी-जास्त होणारं बफिंग मशीन भाड्याने आण आणि मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या वर जाऊ नकोस.

८०० पण नको, त्याच्या रेघा काढता काढता क्लिअरच संपेल. आकडा मोठा तितका पेपर बारीक, म्हणून १५००, मग २०००, जमलं तर ३०००. महिनाभर कशाला थांबतोस, टू-के हार्डनरने सुकतो, जितका उशीर तितका टणक होत जातो नि घासताना घाम काढतो. उन्हाळ्यात एक-दोन दिवस पुरे, दमट हवेत अजून थोडे. सीटखाली झाकला जाणारा भाग असतो ना तिथे नख दाब, खूण उठली तर अजून कच्चा आहे.

पेपर आधी पंधरा मिनिटं पाण्यात भिजव, बादलीत दोन थेंब शॅम्पू टाक. नुसत्या बोटांनी घासू नको, बोटांचे चर पडतात, मऊ रबराचा ब्लॉक घे. अधूनमधून पाणी पुसून उजेडात तिरकं बघायचं, जिथे अजून चकाकणारे ठिपके दिसतात ते सालीचे खड्डे. सगळं एकसारखं मॅट झालं की लगेच हात थांबव. चिलटासाठी खोडरबर कापून त्यावर १५०० चा तुकडा गुंडाळ आणि तेवढंच घास.

थिनरचा_वास
वरचं सगळं बरोबर, माझी फक्त एक रडकथा ऐका. माझ्या टाकीची कड मी अशीच जोरात घासली, कडेला क्लिअर मुळातच पातळ बसतो, पाणी दुधासारखं येत होतं तोवर ठीक होतं, मग राखाडी झालं, मला वाटलं मळ असेल. बेस लागला होता!! सगळी टाकी परत क्लिअर करावी लागली. म्हणून कडांना आणि त्या उठावाच्या रेषेला मास्किंग टेप लाव, टेप बफिंग संपेपर्यंत काढू नको, कड शेवटी हाताने चोळ.

जुनाट_आरएक्स
आणि वॅक्स लगेच मारायचं का? शेजारचे काका म्हणतात मारल्याशिवाय रंग टिकत नाही

भंगारातून_सोनं
काकांना चहा पाज आणि दोन महिने थांब 😄 आत उरलेलं थिनर उडून जाऊ दे. आता फक्त कंपाउंड (पेपरच्या रेघा काढायची पेस्ट), मग फोम पॅडवर बारीक पॉलिश. पॅड एका जागी धरून ठेवू नको, हात लावून बघत जा, गरम लागलं की पुढे सरक.

जुनाट_आरएक्स
अपडेट: तीन दिवसांनी डावी बाजू केली. मॅट झाल्यावर पोटात गोळा आला होता, वाटलं वाट लावली, पण कंपाउंडचा दुसरा हात मारला आणि गच्चीवरची दोरी वाळत घातलेल्या कपड्यांसकट टाकीत दिसायला लागली. चिलटाचा एक पाय बेसमध्येच अडकलाय, तो राहू दिला. उजवी बाजू रविवारी.