शब्दचर्चा: ‘विज्ञानकथा’ या समासाचा विग्रह

‘विज्ञानकथा’ म्हणजे काय असे विचारले की बहुतेक जण ‘विज्ञानाची कथा’ असा विग्रह करतात आणि घोळ तिथेच होतो. षष्ठी तत्पुरुष मानला तर मादाम क्युरींनी रेडियम कसे शोधून काढले ही हकिकतही विज्ञानकथा ठरेल. माझ्या मते हा मध्यमपदलोपी समास आहे: पुरणपोळीत ‘घालून केलेली’ हे शब्द जसे लोपलेले असतात, तसे इथे ‘आधारलेली कल्पित’ हे शब्द लोपलेले आहेत.

इंग्रजीतही या नावाचा अर्थ असाच सरकत गेला. १८५१ साली विल्यम विल्सन यांनी ‘सायन्स फिक्शन’ हा शब्द वापरला तेव्हा त्यांना विज्ञानातील सत्ये गोष्टीत गुंफून सांगणारे साहित्य अभिप्रेत होते. ह्यूगो गर्न्सबॅक यांनी एप्रिल १९२६ मध्ये ‘अमेझिंग स्टोरीज’ हे मासिक काढले, त्यासाठी ‘सायंटिफिक्शन’ असा जोडशब्द चालवून पाहिला. तो टिकला नाही आणि १९२९ पासून आजचे नाव रुळले. साहित्यप्रकार मात्र नावाहून जुना आहे. १८१८ च्या ‘फ्रँकेन्स्टाइन’मध्ये मेरी शेलीने मृत देहात प्राण आणले ते प्रयोगशाळेत, रसायन आणि शरीरशास्त्र शिकलेल्या माणसाच्या हातून. शुक्राचार्यही कचाला जिवंत करतात, पण मंत्राने. म्हणून ती अद्भुतकथा.

मराठीत जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली आणि बक्षीस मिळवले. व्याख्या तपासायला मी त्यांचीच ‘उजव्या सोंडेचा गणपती’ ही कथा घेतो. कागदाच्या पट्टीला अर्धा पीळ देऊन टोके चिकटवली की मोबियस पट्टी होते. तिच्या पृष्ठावरून डाव्या हाताची सपाट आकृती एक पूर्ण फेरी सरकवली की ती उजव्या हाताची होऊन परतते. कथेतल्या माणसाचे डावे-उजवे याच तत्त्वाने पालटते. हे तत्त्व काढून घेतले तर कथाच उरत नाही, आणि ही कसोटी मला कुठल्याही व्याख्येपेक्षा विश्वासाची वाटते. नुसते अंतराळयान असलेली, पण तेच कथानक बोटीवरही जसेच्या तसे घडू शकेल अशी गोष्ट या कसोटीला उतरत नाही.

‘वैज्ञानिक कथा’ हा पर्याय मात्र टाळावा. त्यातले विशेषण कथेलाच शास्त्रशुद्धतेचा दाखला देते, आणि कल्पिताला तो देता येत नाही.