मदत हवी आहे : मुलाला सारखी गळवं होताहेत

नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरला, रामबागेत राहतो. माझ्या १४ वर्षांच्या मुलाला जूनपासून हे तिसरं गळू. पहिलं मानेवर आलं, सासूबाईंनी पोटीस बांधलं, "आंबे बाधले" म्हणाल्या, विषय संपला. दुसरं ऐन गणपतीत आलं. तेव्हा कुठले आंबे?

आता काखेत आहे, टणक आणि ठणकणारं. डॉक्टरांनी चीर देऊन पू तपासायला पाठवला, रिपोर्टात स्टॅफिलोकॉकस ऑरियस निघाला. हा जंतू साधारण ३० टक्के लोकांच्या नाकात निमूट बसलेला असतो म्हणे. धाकटीच्या नाकाखाली मधासारख्या पिवळट खपल्या धरल्यात, ते इम्पेटिगो, म्हणजे कातडीचा संसर्ग, बहुधा त्याच जंतूचा. लाली पसरू लागली, कातडी गरम लागली किंवा ताप आला तर तडक या, असं बजावलंय.

विचारायचं असं, की कुणाच्या घरी सगळ्यांनी मिळून नाकात म्युपिरोसिन हे जंतू मारणारं मलम लावलंय का? पुन्हा होणं थांबलं का? आमच्याकडे चौघांत दोन टॉवेल, तेही आता वेगळे केलेत. इंदुरातले चांगले त्वचारोगतज्ज्ञ ठाऊक असतील तर मेसेज करा.

पोटीस कृपया सुचवू नका, घरात त्यावरून आधीच अबोला आहे.